सावलीचं भाषांतर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर सरकारी योजनांची टिंगल सुरू झाली, की सगळ्यात मोठ्यानं मी हसतो. पण त्या ताडपत्रीचं — नाही, ते कधीच नाही.

बहात्तरच्या दुष्काळात जतकडच्या खडीच्या कामावर मी कारकून होतो. हुकूम आला, बाया दगड फोडतील तेवढा वेळ त्यांच्या तान्ह्या पोरांना सावली द्यायची. मजुरांना घरदार असतं, हे सरकारच्या ध्यानात आलं होतं म्हणायचं! त्यासाठी एक ताडपत्री आली, ती पोरांवर बांधलीही. मग दिल्लीहून साहेब येणार असं कळलं. असा नियम सगळीकडे करावा का, ते त्यांना पाहायचं होतं. पण त्यांच्या खुर्च्यांवर सावली कशाची करायची? पोरांवरची ताडपत्री काढून आणायचं कुणी सुचवलं? — मीच.

साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाषाही मीच. हारतुरे झाले. लेकरांच्या सावलीवर इंग्रजीत भाषण झालं — लेकरांच्याच सावलीत उभं राहून. मग साहेबांनी समोरच्या बाईला विचारलं, कसं काय चाललंय? ती बायडाबाई. मेंढरं मेली म्हणून कामावर आलेली.

"आवं सायेब, ही ताडपत्री आमच्या पोरांची हाय. पोरं उनात आन् तुमी हिच्याखाली! माजं लेकरू लय तापलंय. जाताना तेवढी हितं सोडा."

साहेब माझ्याकडे पाहू लागले. आमचे इंजिनिअरही. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती — पण हे कशाला सांगतोय मी?

मी इंग्रजीत म्हणालो, सावली दिल्याबद्दल ती सरकारचे आभार मानते आहे.

साहेबांनी तिला हात जोडले. तिला वाटलं, झालं कबूल.

"बगा, सायबाला कळलं," ती मला म्हणाली, "तुमालाच कळंना झालतं!"

साहेब जीपमध्ये बसले. ताडपत्रीही त्यांच्याबरोबर पुढच्या कामावर जायची होती — खुर्च्या तिथंही होत्या. मी दोर सोडले. बायडाबाईनं न सांगता दुसरं टोक धरलं, आणि पोरं निजवली होती तिकडं हसत चालू लागली. ताडपत्री आमच्या दोघांमध्ये ताणली गेली. तिनं वळून पाहिलं.

मी ओढली. तिच्या हातातून सुटेपर्यंत ओढली.