शून्य घातलं की शून्यच यायला हवं

त्या दिवशी दुपारी बारा वाजता माझे गाईड माझा आलेख देशोदेशीच्या सहकाऱ्यांसमोर ठेवणार होते, आणि दारव्ह्यात सकाळपासून लाइट नव्हती. पाठोपाठ मोबाइलचं नेटवर्कही गेलं. माझी पीएचडी त्या एका आलेखावर उभी होती, त्यामुळे मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते.

काम सांगायला सोपं आहे. प्रोटॉनांची टक्कर होते, तीत कधीकधी क्वार्क नावाचा एक जड कण आणि त्याचा प्रतिक्वार्क क्षणभर एकमेकांना बांधले जातात. ही जोडी फुटली की दोन म्यूऑन कण उडतात. ते कुठल्या दिशेला जास्त उडतात यावरून जोडीच्या फिरकीचा कल कळतो. यालाच ध्रुवीकरण म्हणतात. मला तो कल सापडला होता, आणि कुणालाच अपेक्षित नव्हता इतका मोठा.

एकच चाचणी उरली होती. संगणकात मुद्दाम कल नसलेल्या टकरी तयार करायच्या आणि माझ्याच पद्धतीतून गाळून बघायच्या. शून्य घातलं की शून्यच यायला हवं. आदल्या दिवशी दूरच्या संगणकावर ती चाचणी लावून मी निर्धास्त झाले होते. आता उत्तर तिकडे तयार असणार आणि मी इथे घाम पुसत बसलेली.

शेवटी बाबांनीच गाडी काढली. यवतमाळ रोडवर कापसाच्या एका जिनिंग कारखान्यापुढे नेटवर्क आलं. लॅपटॉप गाडीच्या सीटवर ठेवून मी फाइल उघडली.

शून्य नव्हतं. कल होता, जवळपास मला सापडला होता तेवढाच. मंद म्यूऑन आमच्या यंत्राला दिसत नाहीत; ते गळून पडले की उरलेले एका दिशेला झुकलेले भासतात. त्याची भरपाई मी केली होती, पण ती पुरली नव्हती.

बारा वाजत आले होते. आज जाऊ द्यावं, उद्या सांगू, असं मनात येऊन गेलं. तरी फोन लावला.

"सर, आलेख दाखवू नका. तो कल आपल्या गाळण्यातून येतोय."

त्यांनी चाचणीचा आकडा विचारून घेतला. मग आपलं सादरीकरण रद्द करतो म्हणाले आणि फोन ठेवला.

परतताना बाबा चहाच्या टपरीवर थांबले. पोरीनं काहीतरी नवं शोधलं, हे त्यांनी तिथे कधीचंच सांगून ठेवलं होतं. टपरीवाल्यानं विचारलंच.

"काई नाई सापडलं," बाबा म्हणाले. "पण तिथं काई नाई, हे बी तिनंच हुडकलं."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. मला तो नको होता. मला तो कल हवा होता.