राहुकाळातला चेक

ताईच्या लग्नाला मुलुंडचा हॉल मिळाला तो निव्वळ नशिबाने. कुणीतरी तारीख सोडली. हॉलवाल्यांचा फोन आला की आज दुपारपर्यंत अॅडव्हान्स भरा, दुसरी पार्टी टपून बसलीय. शुक्रवार होता, साडेदहाला राहुकाळ लागणार. आमचे बाबा राहुकाळात काडेपेटीसुद्धा विकत घेत नाहीत, मग हॉल कुठला! भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत नुसती पळापळ.

बाबा कॉम्प्युटरसमोर बसले. निवृत्तीचा सगळा पैसा एकाच खात्यात, आणि त्यातूनच हे लग्न उभं राहायचं होतं. बँकेचं पान उघडलं, पासवर्ड टाकला, तर पुढे एक चौकट आली: कार्डाचा नंबर आणि एटीएमचा पिन भरा. बाबांनी पाकिटातून कार्ड काढलंसुद्धा.

मागून आई म्हणाली, "अहो, ह्यां काय नवीन? बँकेने कधी पिन विचारलाय आपल्याला?"

"सुरक्षेसाठी म्हणून लिहिलंय ना! वेळ नाही, मध्ये बोलू नकोस."

मी आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत होते. 'पिन' ऐकलं आणि धावत येऊन बाबांचा हातच धरला. पानाच्या वरचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासला. बँकेचाच होता! म्हणजे ती चौकट बँकेची नव्हे, आमच्याच मशीनच्या पोटात शिरलेला कुणीतरी चोर दाखवत होता. माझं डोकंच सटकलं.

"बाबा, यात नवीन काय टाकलंत?"

"काही नाही गं. पत्रिकेसाठी ते वळणदार मराठी फाँट. फुकट होते." मग हळूच, "आधी अँटिव्हायरस बंद करा असं आलं, म्हणून केला. परत चालू करायचा राहिला."

"वा! चोर म्हणतो कडी काढा, आणि तुम्ही काढता!"

इंटरनेटची वायर उपटली. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर माझ्या मोबाईलवरून फोन लावला. ते मेलं संगीत संपता संपेना. ताई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

"मॅडम, खात्यातून काहीही गेलेलं नाही," पलीकडची बाई म्हणाली. "नेटबँकिंग आणि कार्ड बंद केलंय. कॉम्प्युटर पूर्ण साफ झाल्याशिवाय त्यावर बँकेचं काही उघडू नका."

काय ओरडलो आम्ही! शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या. आईने देवापुढे साखर ठेवली, ताई रडता रडता हसायला लागली.

बाबांनी फोन मागून घेतला, बँकेच्या त्या बाईला विचारलं, "चेक चालेल ना हो?"

"चालेल."

तेवढ्यात हॉलवाल्यांचा फोन. दुसरी पार्टी ऑफिसात येऊन बसलीय, तुम्ही येताय का? अकरा वाजून गेले होते. राहुकाळ ऐन भरात. आम्ही सगळे बाबांकडे बघत राहिलो. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग ताईकडे.

"रिक्षा थांबव गं," ते मला म्हणाले.

मुलुंडपर्यंत एवढंच बोलले, "तो अँटिव्हायरस चालू करायला वेळ किती लागतो?"

"एक बटण, बाबा!"

हॉलच्या ऑफिसात त्यांनी ठसठशीत सही करून चेक दिला. माणूस पावती लिहायला लागला, तसे बाबा टेबलावर वाकले.

"त्यावर वेळही टाका," ते म्हणाले. "साडेअकरा. ठळक अक्षरात."