आबांचा टीव्ही आणि उपटलेल्या चार पिना

खरं सांगू? मी या ग्रुपवर आलो तो हसायला. पिंपळावरची बाई, उलट्या पायांचा माणूस, लिफ्ट मागून गायब होणारी म्हातारी… सगळं वाचतो आणि बायकोला चढ्या आवाजात वाचून दाखवतो. धंदाच असा आहे की विश्वास ठेवायची सवय राहिली नाही. "काहीच केलं न्हाई, आपोआप बंद पडला" म्हणणाऱ्याच्या कॉम्प्युटरमधून मी मुंग्यांचं वारूळ काढलेलं आहे. कारण असतंच. शोधलं की सापडतं.

एकदाच सापडलं नाही. म्हणून आज हसायच्या जागी लिहायला बसलोय.

आमचं दुकान मानवतला, बस स्टँडकडून मोंढ्याकडे जाताना डाव्या हाताला. फ्लेक्स, लग्नपत्रिका, बारशाचे बॅनर. हल्ली तर बैलांच्या वाढदिवसाचेही. दुकान वडिलांनी सुरू केलं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांचा मॉनिटर जुन्या पद्धतीचा, मागे भलंमोठं पोट असलेला, पांढऱ्याचा पिवळा पडलेला. उजव्या कोपऱ्यात कायमचा एक गुलाबी डाग, कारण आबांनी वर्षानुवर्षं तिथे चुंबकाचा स्पीकर टेकवून ठेवला होता. आई त्याला "त्यांचा टीव्ही" म्हणायची.

आबा दुपारी जेवण झालं की त्याच्यासमोर खुर्चीतच डुलक्या घ्यायचे. आई घरून चहा घेऊन यायची आणि दारातूनच म्हणायची, "अवो, उठा की!" आबा दचकायचे, हात माउसवर पडायचा आणि झोपलेला मॉनिटरही 'डुम्' करून उजळायचा. दोघं बरोबरच जागे व्हायचे. आम्हाला त्याचं फार हसू यायचं.

दसऱ्याला शेतकरी वखर-तिफण पुजतो तसे आम्ही कॉम्प्युटर, कटर, कात्री पुजतो. त्यात आबांचा एक नियम होता. आधी स्क्रीनवर मोठं लाल 'श्री' काढायचं, ते दिसलं की मगच हळदीकुंकू. "बंद अवजाराची पूजा करू नये, त्याला अपमान वाटतो," असं म्हणायचे.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आबा गेले. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून तो दसरा कोरडाच गेला. पण आई तेव्हापासून दुकानाची पायरी चढली नव्हती. रोज चहा घेऊन येणारी बाई, पण दुकान दिसू नये म्हणून बाजाराला लांबच्या गल्लीनं वळसा घालून जायची. मला फार लागायचं ते.

यंदा धीर करून विचारलं. "दसऱ्याला पूजेला येशील ना?"

"त्यांचा टीव्ही हाय का अजून?"

"आहे की."

"मग त्याच्यावर श्री काढून ठेव. तर येते. न्हाई तर मी आपली जाते ताडकळसला, तुज्या मामाकडं."

"त्यात काय एवढं!" असं म्हणून मी मोकळा झालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

कारण मधल्या काळात मी लग्नातल्या मोठ्या स्क्रीनसाठी व्हिडिओ करायला लागलो होतो. त्यासाठी नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं, सोबत चपटा मॉनिटर घेतला. आबांचा मॉनिटर फ्लेक्सच्या रोलांखाली गेला होता. दसऱ्याच्या सकाळी तो पुसून टेबलावर मांडला, वायर हातात घेतली… आणि माझं डोकं बधिर झालं. त्याच्या वायरचं तोंड जुनं निळं, बारीक पिनांचं. नव्या कार्डाला तसं भोकच नाही!

समोरच्या शफीभाईचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान बंद, तो पाथरीला गेलेला. बाकी बाजारही सणामुळे बंद. आबांच्या ड्रॉवरमध्ये हात घातला तर एक जुना पांढरा कन्व्हर्टर सापडला. एका बाजूला आमची निळी वायर बसते, दुसरी बाजू कार्डाच्या एका रुंद भोकात बसेल अशी. लय आनंद झाला! लावायला गेलो तर बसेना. कन्व्हर्टरच्या तोंडावरच्या चपट्या पट्टीच्या आजूबाजूला चार पिना जास्तीच्या होत्या आणि कार्डावर तेवढी चार भोकं नव्हती.

मग मी जे केलं ते आपल्याकडचा कोणीही शहाणा माणूस करेल. पक्कड घेतली आणि त्या चार पिना उपटून काढल्या. कन्व्हर्टर टक्कन बसला. मॉनिटर मात्र काळा ठिक्कर. खालचा नारिंगी दिवा तेवढा उघडझाप करत होता. काढून लावला, फुंकर मारली, कॉम्प्युटर परत चालू केला. काही नाही.

तेवढ्यात बायकोचा, मीराचा फोन. "निघालो बरं का आम्ही. आईंनी फुलं घेतलीत."

आता काय करावं? शेवटी माझ्यातला फ्लेक्सवाला जागा झाला. कागदावर लाल 'श्री' प्रिंट केलं, काचेच्या मापात कापलं आणि मॉनिटरवर चिकटवून टाकलं. लांबून बरं दिसत होतं हो!

आई आली. पायरीशी थांबली. मीरानं हाताला धरलं तेव्हा वर चढली. सगळ्या दुकानाकडे एकदा बघून घेतलं, आबांच्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. मग मॉनिटरपाशी गेली आणि नखानं कागदाचं टोक उचकटलं.

"गजू, हे काय चिटकवलंस?"

"ते… श्री."

"मला काय येडी समजायलास का रं तू?"

मीरा तोंडाला पदर लावून हसत होती. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. नवीन कार्ड, भोक, पिना, सगळं. आईला त्यातलं किती कळलं देव जाणे. तिनं कागद सोलून काढला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता ही वळणार आणि ताडकळसच्या गाडीला बसणार. परत दुकानात कधी येणार नाही.

आई वळली नाही. हातातलं झेंडूचं फूल मॉनिटरच्या डोक्यावर ठेवलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "अवो, उठा की. समदे थांबलेत."

डुम्.

तो आवाज मी कुठेही ओळखेन. काच तडतडली, आणि काळोखातून हळूहळू लाल 'श्री' वर आलं. चपट्या मॉनिटरवर मी जे उघडून ठेवलं होतं तेच. फक्त इथे उजव्या कोपऱ्यात गुलाबी डाग होता.

मीराच्या हातातली कुंकवाची कोयरी लवंडली. आई तेवढी शांत. "आता लाव कुंकू," मीराला म्हणाली, "पुन्यांदा झोपायच्या आत."

पूजा झाली. आई आबांच्या खुर्चीत बसली ती जेवायलाही उठेना. पुरणपोळी तिथेच मागवली. आबांनी एकदा पत्रिकेत नवरदेवाच्या जागी त्याच्या थोरल्या भावाचा फोटो छापला होता आणि मग मांडवात काय रामायण झालं, ते तिनं सांगितलं. सांगताना इतकी हसली की ठसका लागला. तो हसण्याचा आवाज मी दीड वर्षानं ऐकत होतो. मला रडू आलं, लपवलं नाही.

संध्याकाळी मीरा आईला घरी घेऊन गेली आणि शफीभाई आला. दर दसऱ्याला तो आपट्याचं सोनं द्यायला येतो. मिठी मारली आणि त्याची नजर मॉनिटरवर गेली. 'श्री' तसंच होतं.

"अरे वा भाऊ, आबांचा डब्बा! नव्या कार्डावर? कन्व्हर्टर कुठून आणला?"

"ड्रॉवरमधला. बसत नव्हता. चार पिना उपटल्या."

तो हसायला लागला. मग हसायचा थांबला. मागे गेला, स्क्रू ढिले करून कन्व्हर्टर बाहेर काढला आणि उजेडात धरला. स्क्रीन काळी झाली.

"गजूभाऊ, मजाक करायलास का?"

"का?"

"अरे, जुन्या मॉनिटरचं चित्र ह्या चार पिनांतूनच जातंय. लाल, हिरवा, निळा, समदं. आन् तुज्या कार्डातून ते निघतच न्हाई, म्हणून तर तितं भोकं न्हाईत. चित्र आलं कुठून?"

"तूच बघितलंस ना आत्ता?"

"बघितलं म्हणूनच इचारायलोय!"

त्यानं परत लावला. काळा. मी लावला. काळा. नारिंगी दिवा उघडझाप. तासभर झटलो. शेवटी मी भीत भीत त्याला आईनं काय केलं ते सांगितलं. शफीभाईनं इकडेतिकडे बघितलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि मॉनिटरला हात जोडून म्हणाला, "आबा, उठा की." मग मी म्हणालो. मग दोघं मिळून म्हणालो. परत आलेली मीरा शटरखालून वाकून हे सगळं बघत होती. ती अजून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आमची नक्कल करून दाखवते.

कमेंटमध्ये विचाराल म्हणून आधीच सांगतो. मदरबोर्डला जुन्या वायरचं भोक नाही, बघितलं. दुसरी कुठलीही वायर त्या मॉनिटरला नव्हती. कार्डाच्या कंपनीचं माहितीपत्रक इंटरनेटवर वाचलं, शफीभाई बरोबर आहे. तिघांना एकदम भास झाला म्हणावं, तर चौथा संध्याकाळी आलेला शफीभाई, त्याला पूजेचं काहीच ठाऊक नव्हतं. शफीभाई तर हल्ली विषय काढला की चहा सांगतो.

दिवाळीत त्यानं चांगला, वीज घेऊन सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर आणून दिला. त्यानं मॉनिटर लागणार हे नक्की. मी लावायला घेतला तेव्हा आई चहा घेऊन आली होती. हो, आता रोज येते. म्हटलं, "आई, तूच एकदा म्हण ना परत. बघू तरी उठतात का."

आईनं कप टेबलावर ठेवला. मॉनिटरवरची धूळ पदरानं पुसली.

"सणाला उठवलं की. आता कामून? जलमभर त्याच्याम्होरं बसून डोळे फोडून घेतले त्यांनी. झोपू दे."

तो कन्व्हर्टर डबीसकट ड्रॉवरमध्ये आहे. मॉनिटरला चार पिना नसलेलाच लावून ठेवलाय. पुढच्या दसऱ्यालाही मी त्याला हात लावणार नाही. फुलं आणायचं आईनं आत्तापासूनच स्वतःकडे घेतलंय.