देवाला बोललेली खोली

पास्कूशेठचे किस्से आम्ही मुद्दाम जमवले नाहीत. बोईसर स्टेशनसमोरच्या त्यांच्या हॉटेलात चहाला बसलं, की एखादा आपोआप पदरात पडायचा. आम्ही पालघर कॉलेजातली चार-पाच पोरंपोरी. डोंगरातून बांधकामावर आलेल्या कुटुंबांच्या मुलांचा वर्ग एका रिकाम्या गोडाऊनमध्ये चालवत होतो. जग बदलायला निघालो होतो, पण मध्ये मध्ये भूक लागायची.

शेठ वसईकडचे ख्रिस्ती. चहाच्या हातगाडीवरून हॉटेलापर्यंत आलेले. त्यांचा एक रिवाज होता. ताट समोर ठेवलं, की ते स्वतः डोळे मिटून त्यावर प्रार्थना म्हणणार, मगच गिऱ्हाइकानं जेवायचं.

एकदा शिफ्टला निघालेला एक कामगार हात धुऊन ताटकळत बसला होता. बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती.

"सेठ, भगवान को बोलो थोड़ा जल्दी सुने. बस छूट जाएगी."

दुसऱ्या दिवसापासून शेठ पहाटेच भटारखान्यात जाऊन पातेल्यांवर एकदाच प्रार्थना म्हणू लागले.

मी म्हटलं, "हे देवाला कसं चालतं?"

"होलसेलमदी," शेठ म्हणाले.

*

ईस्टरआधीच्या उपवासात शेठ चहा सोडायचे. हॉटेलवाला, आणि चहा बंद! मग चव कोण बघणार? आचारी मोकाट सुटायचा. कधी पाक, कधी काढा.

ईस्टरची, म्हणजे येशू थडग्यातून उठल्याच्या सणाची, वाट शेठपेक्षा गिऱ्हाइकंच जास्त बघायची. एक मारवाडी दुकानदार तर रोज विचारायचा, "शेठ, तुमचे प्रभू उठायला अजून किती वेळ?"

*

दान गुपचूप करावं, असं शेठच्या धर्मात सांगितलंय. शेठ ते कसोशीनं पाळायचे. म्हणजे, त्यांना तसं वाटायचं.

वादळात दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातल्या काही होड्या फुटल्या. शेठनं तांदूळ पाठवला. ड्रायव्हरला बजावलं, "नाव सांगायचं नाय." ड्रायव्हरनं खरंच सांगितलं नाही. टेम्पोवर मात्र हॉटेलचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत होतं, वर क्रॉस.

दोन दिवसांनी तिथली हिराबाई कोळीण गल्ल्यासमोर येऊन उभी राहिली.

"शेट, तांदूळ पोचला."

"कुठला तांदूळ?"

हिराबाईनं पाटीतले पापलेट काउंटरवर ठेवले. "ह्ये कुणी दिलं, त्ये मी पन सांगत नाय," म्हणाली आणि निघून गेली.

*

मला हे दानबिन पटायचं नाही. एकदा त्यांच्याच टेबलावर मूठ आपटून मी म्हटलं, "शेठ, गरिबाला दया नको, हक्क पाहिजे."

"बरं," शेठ म्हणाले. "ह्या टेबलाला हक्काचा चहा द्या रे. साखर दयेइतकीच टाका."

*

डिसेंबरात गोडाऊनच्या मालकानं कळवलं, नाताळच्या आत जागा खाली करा. दुसरी जागा मिळेना. वर्ग बंद पडला तर ही मुलं पुन्हा आईबरोबर घमेली उचलायला जाणार, आणि एकदा गेली की परत येणार नाहीत, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

शेठ तेव्हा हॉटेलच्या माडीवर एक खोली बांधत होते. प्रार्थनेसाठी. हातगाडीच्या दिवसांपासूनचा नवस.

मी ती खोली मागितली.

"ती देवाला बोललोय," शेठ म्हणाले.

"देवाला जागेची काय कमी आहे?"

शेठ पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे मोजू लागले. मी चहा अर्धा टाकून उठलो आणि आठवडाभर तिकडे फिरकलो नाही.

मग एका सकाळी निरोप आला, "गोडाऊनमधली पोरं घेऊन माडीवर या." आम्ही गेलो. खोलीला ताजा चुना होता, खाली सतरंज्या. मुलं पाट्या काढून बसली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. खोलीला आशीर्वाद द्यायला ठरल्याप्रमाणे फादर आले होते, पवित्र पाणी घेऊन.

फादरनी खोलीभर नजर फिरवली. "पास्कू, वेदी कुठं ठेवायची?"

"जागा उरली तर बघू, फादर."

फादरनी पुस्तक उघडलं, प्रार्थना म्हटली आणि चारही कोपऱ्यांत पाणी शिंपडलं. पुढच्या रांगेतली जानकी पाटी धरून ताडकन उठली.

"माजा साताचा पाडा पुसला!"

फादरनी शेठकडे पाहिलं. शेठ पुढे झाले, खांद्यावरच्या फडक्यानं तिची पाटी कोरडी केली आणि तिच्या हातात दिली.

"लिही परत. फादर थांबतील."