आतली शिवण

हेमराज नंदेश्वर आग्र्याच्या एका बुटांच्या कारखान्यात चौदा वर्षं फर्म्यावर होता. फर्मा म्हणजे लाकडी किंवा प्लास्टिकचा पाय. त्याच्यावर कातडं ओढून बसवायचं, एकही सुरकुती राहू द्यायची नाही, हे त्याचं काम. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला तेव्हा तो बायकोला, मंजूला, घेऊन बालाघाटला परत आला. वारासिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून एक खोली मिळाली. तिथे त्याने एक जुनं शिलाई मशीन बसवलं आणि जोडे बनवायला लागला.

कारखान्यात त्याने टोकदार, कडक, चकचकीत बूट केले होते. ते घालणारी माणसं मात्र कधी पाहिली नव्हती. इथे गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसायचं. अंगणवाडीतली बाई यायची, बँकेचा चौकीदार यायचा, बैहरच्या जंगलात दिवसभर फिरणारा वनरक्षक यायचा. हेमराज त्यांना कागदावर उभं करून पायाभोवती पेन्सिल फिरवायचा आणि मग टाचा उचलायला सांगायचा. टाच उचलली की पाय कुठे वाकतो ते बघायचा. बरोबर त्या रेषेत सोलला खालून आडव्या चिरा द्यायचा. जोडा तिथेच वाकायचा, पायाला जोर लागायचा नाही. वर्षभरात त्याचं नाव झालं. ‘नंदेश्वरचा जोडा पायात आहे का नाही ते समजत नाही,’ असं लोक म्हणायचे. हे ऐकायला त्याला फार आवडायचं.

त्याची थोरली बहीण पुष्पलता वारासिवनीला राहायची. तो तिला बाई म्हणायचा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि बाई पंधराची. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं. पुढे तिचा नवरा वारला. ती आणि तिची मुलगी अपेक्षा अशा दोघीच घरात. बाई तांदळाच्या मिलमध्ये कामाला जायची. तिथे उसना, म्हणजे उकडा तांदूळ होतो. धान आधी उकडतात, मग मोठ्या सिमेंटच्या अंगणात पसरतात, आणि बाया त्यातून पाय ओढत ओढत चालतात, म्हणजे धान उलटतं आणि सारखं वाळतं. चालायचं अनवाणी. चपलेत दाणे शिरतात आणि चपलेखाली दाणे चिरडतात, म्हणून मालक चपला घालू देत नाही.

एकदा तो बाईला घराची किल्ली द्यायला मिलमध्ये गेला. वैशाखातली दुपार होती. वीसेक बाया रांगेने धान तुडवत होत्या, आणि त्यांत बाई. तिच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. हेमराजला तिथे उभं राहवेना. आपण हजारो पायांत बूट घातले आणि ज्या बाईच्या कडेवर वाढलो ती अजून अनवाणी, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं होतं.

त्या उन्हाळ्यात तो एकाच गोष्टीच्या मागे लागला. मोज्यासारखा बंद जोडा हवा, दाणा आत जाऊ नये. सोल एवढा मऊ हवा की दाणा त्याच्यात रुतेल पण तुटणार नाही. आणि घालणारीच्या पायाला खालचं धान कळलं पाहिजे, नाहीतर ते ओलं आहे की वाळलं हे तिला समजणार कसं? पहिला जोडा दाणे चिरडायचा. दुसऱ्यात घाम साचायचा. तिसऱ्याचा सोल आठ दिवसांत फाटला. चौथा जमला. वर जाड सुती कापड, खाली स्पंजी रबर, बोटांच्या मुळाशी पाच चिरा, आणि आत घाम टिपायला साधा सुती मोजा. मालकाने बाईने तुडवलेलं मूठभर धान घेतलं, तळहातावर चोळलं, तुटका दाणा शोधला. नाही सापडला.

“घालू द्या,” तो म्हणाला.

बाई सगळ्यांना पाय दाखवत फिरली. “माह्या भावानं बनवला,” असं तिने मिलमध्ये सांगितलं, शेजारी सांगितलं, बुद्धविहारात सांगितलं. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मिलमधल्या तीस बायांनी जोडे मागितले.

बाईचा पहिला जोडा हेमराजने हाताने शिवला होता. बोटांपाशी जिथे कापडाचे दोन तुकडे मिळतात, तिथली शिवण त्याने बाहेर काढली होती. दिसायला जराशी बेढब, पण आतून सपाट. तीस जोडे असे करायचे तर दोन महिने गेले असते, आणि धान उकडायला लागून आठवडा झाला होता. मग त्याने ती शिवण मशीनवर मारली. मशीनवर ती आतल्या बाजूला येते. वरून कापडी पट्टी चिकटवली की दिसत नाही.

आग्र्याला माल बाहेर जाण्याआधी तपासणारा माणूस प्रत्येक बुटात हात घालायचा. तीच सवय हेमराजला. पहिला जोडा मशीनवरून उतरल्यावर त्याने आत हात घातला. करंगळीच्या जागेला काहीतरी लागलं, आगकाडीएवढं जाड. त्याने ते अंगठ्याने दाबलं. दबल्यासारखं वाटलं. बाकीच्या जोड्यांत त्याने हात घातलाच नाही.

बाईचा जुना जोडा विरला होता. तिलाही त्याच तिसांतला नवा मिळाला.

चौथ्या दिवशी सीताकाकू दुकानात आली. ती बाईच्याच रांगेत काम करायची. “भाऊ, करंगळीपाशी घासते,” ती म्हणाली.

“नवा जोडा आहे काकू. आठ दिवसांत बसते पायाले.”

काकू परत गेली. घरी तिने ब्लेड घेतलं आणि जोड्याचं नाक कापून टाकलं. बाकीच्या बऱ्याच बायांनीही आपापला मार्ग काढला. कोणी कापलं, कोणी आत चिंधी कोंबली. बाईने काहीच केलं नाही. हेमराजने तिला फोनवर विचारलं होतं, “बाई, तुले घासते का?”

“मले काहीच नाही होत. लोण्यासारखा आहे.”

या उत्तराने तो निश्चिंत झाला. बाईला सहा वर्षांपासून साखरेचा आजार होता, हे त्याला माहीत होतं. तिच्या गोळ्या बालाघाटहून तोच आणायचा. तिच्या पायांना मुंग्या येतात, कधी कधी चप्पल निसटून गेलेली तिला कळत नाही, हेही तिने हसत हसत त्याला सांगितलेलं होतं. यातली एकही गोष्ट त्याला त्या वेळी आठवली नाही. पुढे तो म्हणायचा, “आठवली नाही असं म्हणणंही खोटंच आहे. मले आठवायची नव्हती.”

तीन आठवड्यांनी सकाळीच अपेक्षाचा फोन आला. “मामा, आईच्या पायाचा वास येऊन राह्यला. लवकर या.”

तो गेला तेव्हा बाई खाटेवर बसली होती आणि अपेक्षा कोमट पाण्याने तिचा मोजा ओला करत होती, कारण तो पायाला चिकटला होता. मोजा निघाला. डाव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं, खाली खोल जखम होती. बाई शांतपणे आपल्या पायाकडे बघत होती, जणू कोणा दुसऱ्याचा पाय आहे.

“दुखत तं नाही रे,” ती म्हणाली.

त्यांनी तिला गोंदियाला दवाखान्यात नेलं. अपेक्षा खिडकीपाशी कागद भरत होती. आत बाई टेबलावर आणि हेमराज तिच्या डोक्याशी उभा. डॉक्टर मध्यम वयाच्या होत्या. त्यांनी जखम पाहिली, मग पिशवीतला जोडा पाहिला.

“हा कुठून घेतला?”

हेमराजच्या तोंडून निघून गेलं, “बाजारातून, मॅडम.”

“फेकून द्या,” डॉक्टर म्हणाल्या आणि हात धुवायला वळल्या.

बाईने मान वळवून भावाकडे पाहिलं. क्षणभरच. मग ती छताकडे बघत राहिली. दोन दिवसांनी तिची दोन बोटं काढली.

घरी आल्यावर बाई त्याच्याशी फारसं बोलेना. तो रोज बसने वारासिवनीला जायचा, पट्टी बदलायला मदत करायचा, पपई नेऊन ठेवायचा. ती ‘हौ’, ‘नाही’ एवढंच म्हणायची. बोटं गेली म्हणून ती रागावली आहे, असं त्याला वाटत होतं आणि ते त्याला योग्यच वाटत होतं. शेवटी एका दुपारी त्याने सांगून टाकलं. खाली मान घालून, सगळं एका दमात. शिवण आत घेतली, हाताला लागली होती, दाबून सोडून दिली, सीताकाकू येऊन गेली तरी ऐकलं नाही.

बाईने ऐकून घेतलं. म्हणाली, “शिवण-गिवण मले नाही समजत. चूक कोणाच्या हातून नाही होत?” तिने पट्टीचा पाय उशीवर घेतला. “पण डॉक्टरीणबाईले तू बाजारातून घेतला म्हनलं. मी साऱ्या गावाले सांगत फिरली का माह्या भावानं बनवला. अन् तूच नाही म्हनलं.”



अपेक्षा चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवला. “मामा, शिवण तुमच्या हाताला लागली होती?”

“हौ.”

ती आत निघून गेली. त्या दिवसापासून ती त्याला मामा म्हणून हाक मारत नाही. कामापुरतं बोलते, आणि तेही हिंदीत, एखाद्या परक्याशी बोलावं तसं.

दुसऱ्या दिवशी हेमराज मिलमध्ये गेला. जेवणाच्या सुट्टीत बाया सावलीला बसल्या होत्या. त्याने उभ्यानेच सांगितलं की जोड्यात दोष आहे, तो मला ठाऊक होता, त्यामुळे बाईची बोटं गेली. जोडे परत द्या, मी पैसे परत करतो, आणि ज्यांना साखर आहे त्यांनी आत्ता इथेच पाय बघून घ्या.

“मी तं सांगतलं होतं भाऊ,” सीताकाकू म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

साखर असलेल्या तीन बायांनी मोजे काढले. एकीच्या करंगळीवर फोड आला होता, तिलाही समजलं नव्हतं. तिचा नवरा तिला त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन गेला आणि तिचा पाय वाचला. पण हे कोणी हेमराजचं पुण्य म्हणून सांगायला लागलं तर तो तिथून उठून जातो.

मग तो एकटाच गोंदियाला गेला. नंबर लावून बसला. आत गेल्यावर त्याने जोडा टेबलावर ठेवला.

“मॅडम, हा मी बनवला आहे. त्या दिवशी मी खोटं बोललो.”

डॉक्टरांनी जोड्यात हात घातला. त्यांची बोटं आत फिरली आणि एका जागी थांबली. “हे तुम्हाला लागलं नव्हतं?”

“लागलं होतं.”

त्या रागावल्या नाहीत आणि बरोबर केलंत असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी जोडा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “ज्या पायाला समजत नाही, त्याला विचारून उपयोग नाही. बघावं लागतं.” माप संध्याकाळी घ्यायचं, तेव्हा पाय सुजलेला असतो. नवा जोडा आधी अर्धा तास घालायला द्यायचा, मग पाय उघडा करून बघायचा. लाल डाग दिसला की जोडा परत. हेमराजने हे सगळं तिथेच एका पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. निघताना त्यांनी विचारलं, “ताई कशा आहेत?” तो बरी आहे म्हणाला आणि घाईने बाहेर आला.

आता तो बोटांपाशी मशीन लावत नाही. दोन दिवसांत जेमतेम एक जोडा होतो. साखरेचे पेशंट परसवाड्याहून, बैहरहून येतात. प्रत्येकाला तो माप घेण्याआधी बाईची गोष्ट सांगतो. काही लोक ऐकून उठून जातात.

“गिऱ्हाइकाले पहिलेच काहून सांगता?” मंजू एकदा वैतागून म्हणाली. “जोडा चांगला द्या ना, तेवढं पुरे.”

“नाही सांगतलं तं हात चालत नाही,” तो म्हणाला.

बाईसाठी नवा जोडा करायला त्याला पाच महिने लागले. गेलेल्या बोटांच्या जागी मऊ भर द्यायची होती, नाहीतर पाय आत सरकतो. पहिल्यांदा टाचेला डाग पडला. दुसऱ्यांदा अंगठ्याच्या कडेला. बाई कंटाळून गेली होती. “चालते रे, घालू दे आता,” ती म्हणायची आणि तो जोडा परत पिशवीत टाकायचा. तिसऱ्यांदा अर्ध्या तासाने पाय उघडा केला तेव्हा कुठेच काही नव्हतं. तरी अपेक्षाने जोडा त्याच्या हातून घेतला, खिडकीपाशी नेला आणि आत हात घालून बराच वेळ चाचपला. मग आईच्या पायापाशी आणून ठेवला. हेमराजकडे तिने पाहिलं नाही.

धान तुडवण्याचं काम बाईचं सुटलं. मालकाने तिला बसून पोती शिवायला ठेवलं आहे, मजुरी कमी. ती तक्रार करत नाही. भावावरचा तिचा राग उतरला आहे, निदान ती तसं म्हणते. पण जोड्याबद्दल आता ती कोणाजवळ काही बोलत नाही. कोणी विचारलं तर ‘चांगला आहे’ एवढंच.

हेमराज दर रविवारी वारासिवनीला जातो. दारातून आत पाऊल टाकलं की त्याची नजर आधी तिच्या पायांवर जाते, डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर. तिला ते आवडत नाही.

“आल्या आल्या काय पायाकडे पाह्यत बसतं?” ती म्हणते. “माह्या तोंडाकडे पाह्य ना.”

तो वर बघतो. पण नजर तिथे ठरत नाही.