दोन फुटांचा टोला

एफी लम्सडेन म्हणजे पोर्ट केरनची तोफ. बेकरीत पहाटेपासून कणीक मळून तिचे दंड असे झालेत की तिने चेंडूला तडाखा दिला की किनाऱ्यावरचे पक्षी उडतात. गावच्या गोल्फ क्लबात बायकांमध्ये तिच्याइतकं लांब मारणारी दुसरी नाही, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. खोटं असतं तर आमच्या गावाने एक शब्द ऐकून घेतला नसता.

पण गेल्या वर्षी जिल्ह्याच्या चषकात, अगदी शेवटच्या होलवर, तिने होलपासून दोन फुटांवरचा टोला चुकवला. दोन फूट! शेंबडं पोरही डोळे मिटून घालील. चषक शेजारच्या गावाने नेला आणि एफीच्या दर शनिवारच्या मैत्रिणींबरोबरच्या खेळाची चव गेली. त्याचं असं झालं. मैत्रिणी-मैत्रिणी खेळताना होलच्या काठावर थांबलेला चेंडू 'दिला' म्हणायची रीत आमच्याकडे जुनीच. तो आत गेला असं धरायचं आणि उचलायचा. पण ग्रिझेल आणि नॅन, एफीच्या शाळेपासूनच्या सख्या, आता तिला दोन फुटांचे, तीन फुटांचेसुद्धा देऊ लागल्या. चेंडू थांबतोय न थांबतोय तोच, "दिला गं एफे, उचल!" एकमेकींना मात्र वीतभरसुद्धा सोडत नसत.

एफीला कळत नव्हतं होय? सगळं कळत होतं. टोमणे मारले असते तर तिने दुप्पट परत केले असते, पण जीव लावणाऱ्या माणसाने कीव केली तर त्याच्याशी भांडायचं कसं? ती मुकाट चेंडू उचलायची आणि आतल्या आत जळायची.

अशात जूनमध्ये बायकांची मोठी व्यावसायिक स्पर्धा आमच्या मैदानावर आली. पहिल्या दोन दिवसांत निम्म्या खेळाडू गळाल्या आणि उरलेल्यांची संख्या निघाली विषम. जोड्या लावल्या की सगळ्यांत खालची एकटी पडते. मग तिच्या सोबतीला यजमान क्लबातली एखादी हौशी बाई खेळायला पाठवतात. या बाईचे टोले कुठेच धरत नाहीत. सेक्रेटरींनी विचारलं, "कोण जाईल?"

"कोण म्हणजे?" एफी म्हणाली. "माझ्यावाचून आहे कोण तुमच्याकडे?"

ग्रिझेलने तिला बाजूला घेतलं. "एफे, टीव्हीवाले असतात, गर्दी असते. छोटे टोले खेळूच नकोस बाई. सरळ उचलून टाक. तुझे कोण मोजतंय?"

"तू प्रेक्षकांत दोरीपलीकडे उभी राहा आणि टाळ्या वाजव," एफी म्हणाली.

सकाळी वाऱ्यात सोबतीण भेटली ती स्वीडनची लिनेआ, ताडमाड उंच पोर. दुसऱ्या होलवर लिनेआचा चेंडू काठाशी थांबला आणि एफीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दिला गं, उचल!"

लिनेआचा हात खाली गेलाच होता, तो तिथेच थबकला. "काकू, मला दंड करवाल की! स्पर्धेत असा उचलला तर एक टोला माझ्या माथी," ती हसत म्हणाली. "आमच्यात कुणी कुणाला काही देत नाही."

"अस्सं? मग मला तुमच्यातच घ्या," एफी म्हणाली, आणि पुढच्या होलवर असा दणका दिला की लिनेआने टोपीच काढली. दिवसभर एफीचं सगळं जमत गेलं. चेंडू लांबून थेट होलमध्ये पडत तरी होते, नाहीतर होलला चिकटून थांबत होते. मधलं अंतर म्हणून आलंच नाही. ते वाढून ठेवलं होतं शेवटच्या होलवर, गेल्या वर्षीच्याच हिरवळीवर. चेंडू थांबला तो बरोबर दोन फुटांवर.

लिनेआचं खेळून झालं होतं. एफीचा चेहरा पाहून पोरीला दया आली. "दिला, काकू! उचला!"

दोरीपलीकडून ग्रिझेल ओरडली, "उचल गं एफे!"

लोक मायेने हसले. उचलला असता तर कुणी काही म्हटलं नसतं, आणि शनिवार होते तसेच राहिले असते.

"आमच्यात कुणी कुणाला काही देत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "तूच म्हणालीस ना पोरी?"

आणि तिने टोला मारला. चेंडू होलच्या कडेने अर्धा फिरला, मेला थांबतो की काय असं वाटलं, आणि आत पडला. नॅन तर रडायलाच लागली.

"पाहिलंस?" एफीने दोरीपाशी येऊन ग्रिझेलला विचारलं.

"पाहिलं बाई."

"शनिवारी विसरू नकोस."

शनिवारी पहिल्याच होलवर एफीचा चेंडू दोन फुटांवर थांबला. ग्रिझेलचं तोंड उघडलं, नॅनने तिला कोपर मारलं, ते मिटलं. एफीने नेम धरला, मारला. चेंडू होलच्या उजवीकडून निघून गेला. आणखी एक टोला मारून तो आत घालावा लागला.

"पाच," ग्रिझेल म्हणाली आणि एफीच्या नावापुढे पाच टोले लिहिले.

"पाचच," एफी म्हणाली. एवढी खूश ती चषक जिंकूनही झाली नसती.