गव्हाणच्या बोटीची बेल

संशय घेणं हा माझा स्वभावच. पनवेलच्या बाजारात वायरमनचं दुकान होतं माझं. कुणाच्या घरी फ्यूज उडाला की माझी नजर आधी घरातल्या माणसांवर जायची.

साठ सालानंतर कधीतरी गव्हाणचा एक बोटमालक मला खाडीवर घेऊन गेला. त्याच्या बोटीला हँडल मारून चालू करायचं डिझेल इंजिन होतं. तेलाचा दाब उतरला की एक बेल वाजायची. आदल्या दिवशी नळी फुटून सगळं तेल गळलं, बेल वाजलीच नाही आणि इंजिन भर खाडीत जाम झालं.

"ड्रायव्हरनंच तार तोडली असणार. बेलनं झोपमोड होते ना त्याची!" मालक म्हणाला.

ड्रायव्हर समोरच उभा होता, पन्नाशीचा, गावातलाच. "मी नाय तोडली, शेट," एवढंच बोलला. मी वाकून पाहिलं. बेलची तार इंजिनावर ज्या बोल्टनं आवळली होती, त्याच्यावर पकडीचे ताजे ओरखडे.

"इथं कुणीतरी हात लावलाय," मी तोऱ्यात सांगितलं.

मालकानं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. तो मुकाट्यानं धक्क्यावर जाऊन बसला. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं.

मग तपासायला घेतलं. बॅटरी ठीक. बेल थेट बॅटरीला जोडली, वाजली. तार कुठंही तुटलेली नव्हती. जागेवर लावली की मात्र गप्प. शेवटी तो बोल्ट सोडवला, तर तारेच्या टोकाखाली हिरव्या रंगाचा जाड थर. वीज लोखंडातून जाईल, रंगातून कशी जाणार? चाकूनं खरवडून तार परत आवळली. तेलाचा दाब नव्हताच, त्यामुळे बेल अशी ठणाणली की चिखलातले बगळे उडाले.

"इंजिनाला रंग कुणी दिला?"

"मीच," धक्क्यावरून उत्तर आलं. "परवाच्या नारली पुनवेला आख्खी बोट रंगवली. इंजिन बिनरंगाचा कसा ठेवायचा? तार सोडवली, रंग मारला, परत लावली."

मालक खाकरला. "बरं, उद्यापासून ये कामाला."

ड्रायव्हर उठला. "बेल वाजली म्हनून बोलावताव, शेट. नसती वाजली तर?"

आणि तो गावाच्या वाटेला लागला. मालकानं त्याला दोनदा हाक मारली. मी एकदाही मारली नाही. तोंड कुठं होतं मला?